चार गंजलेले स्क्रू

जुन्या गाडीला बाहेरचं हेडर बसवायचं म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न आवाजाचा असतो. कसं वाजेल? घुमेल का? शेजारी तक्रार करतील का? चाळीस वर्षं गॅरेज चालवतोय, पण "धूर कुठे जाईल?" असं विचारणारा एक माणूस भेटला नाही. मला स्वतःलाही तो प्रश्न कधी पडला नाही. पडायला हवा होता, कारण पोट माझं त्यावर चालतं.

दाजी पिकअप घेऊन आले तेव्हा माझी बहीण जाऊन आठ महिने झाले होते. दाजी म्हणजे तिचेच यजमान. त्यांची रोपवाटिका आहे. कुंड्या, कलमं, भाज्यांची रोपं घरोघर पोचवायची हा दोघांचा धंदा. दाजी गाडी चालवायचे आणि ती शेजारी बसायची, कारण कुठलं झाड कुठे लावायचं हे गिऱ्हाइकाला तीच सांगू शकायची. मोठ्या कुंड्या मागे, आणि नाजूक रोपांचे ट्रे तिच्या मांडीवर. ती गेल्यावर गाडी शेडमध्येच उभी राहिली. आता थंडी पडली होती, गिऱ्हाइकं फोन करत होती, म्हणून दाजींनी ती बाहेर काढली.

गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच मला कळलं. तिची टिकटिक मी झोपेतही ओळखली असती.

"दादा, टिकटिक फार वाढलीय," दाजी उतरता उतरता म्हणाले. तीच मला दादा म्हणायची, म्हणून तेही म्हणतात. वयानं माझ्याहून फार लहान नाहीत. "एक गिऱ्हाईक सांगत होतं, जुना मॅनिफोल्ड काढा आणि हेडर टाका. म्हणे गाडी पळायला लागेल."

"पळवून नेणार कुठे? रोपं तर तुमची गोगलगायीच्या चालीनं वाढतात."

दाजी हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसलेले पाहिले, म्हणून मी काम अंगावर घेतलं. नाहीतर मी काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. "टॅपेट आहेत हो, करून देतो," असं म्हणून इंजिनाच्या झडपा हलवणारे ते टॅपेट चौथ्यांदा जुळवले असते आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावलं असतं.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरातून धूर बाहेर पडतो. तो सगळा गोळा करून मागच्या नळीत सोडणारा एक ओतीव लोखंडाचा भाग असतो, तो मॅनिफोल्ड. कंपनीनंच दिलेला, जड, ओबडधोबड. त्याऐवजी बाहेरच्या कारखान्यात पाइप वाकवून, एका जाड पट्टीला जोडून जे बनवतात ते हेडर. या गाडीचा मॅनिफोल्ड मिळणं बंद होऊन जमाना झाला, तेव्हा काढायचा तर हेडरच टाकावं लागणार होतं.

मॅनिफोल्डवर पत्र्याचं एक झाकण असतं, उष्णता अडवायला. चार स्क्रूंनी बसवलेलं. या गाडीचे चारही स्क्रू इतके गंजले होते की डोकी ओळखू येत नव्हती. तेल सोडलं, टॉर्चनं तापवले, तरी दोन तुटलेच. दुपारपर्यंत मी त्या स्क्रूंच्या नावानं बोटं मोडत होतो. मग पत्रा निघाला.

मागच्या सिलिंडरापाशी, म्हणजे केबिनला अगदी खेटून, मॅनिफोल्डला वितभर भेग होती. भेगेच्या दोन्ही अंगांना काजळी. नवी नव्हे, थरावर थर चढलेली, वर्षानुवर्षांची. मॅनिफोल्ड इंजिनाला आवळून धरणारा शेजारचा एक स्टडही कधीच तुटून गेलेला. काजळीचा पट्टा तसाच मागे केबिनच्या पत्र्यापर्यंत गेला होता आणि तिथे एका भोकापाशी थांबला होता. तारा आत जायच्या त्या भोकातलं रबर कुजून गळून पडलं होतं. मी आत जाऊन वाकून पाहिलं. भोकातून उजेड दिसत होता. तो शेजारच्या सीटपुढे, बहिणीचे पाय असायचे तिथे पडत होता.



बहिणीला आम्ही तक्रारबाई म्हणायचो. लहानपणापासून. दूध गरम आहे, दिवा डोळ्यांवर येतोय, चप्पल चावतेय. तिचं हृदय जन्मतःच जरा नाजूक, त्यामुळे आईनं तिला फुलासारखं वाढवलेलं, आणि मी त्याचा सूड तिला चिडवून घेतलेला. शेवटची दोन वर्षं तिची एकच तक्रार होती. गाडी गॅरेजसमोर थांबली की ती उतरून जुन्या टायरांच्या ढिगावर बसायची आणि दोन्ही हातांनी डोकं धरायची.

"दादा, या गाडीत बसलं की डोकं नुसतं फुटतं रे. मळमळतं."

"गाडीत बसून नाही, नवऱ्याशेजारी बसून. गाडीचं नाव कशाला घेतेस?"

दाजी हसायचे, मी हसायचो. तीही हसायची, पण हात काढायची नाही.

एकदा ती म्हणाली होती, "रविवारी दुखत नाही बघ. रविवारी आम्ही गाडी काढत नाही."

मी म्हणालो होतो, "रविवारी जगात कुणाचंच काही दुखत नाही."

केवढा हजरजबाबी मी. तिनं आजाराचं मूळ माझ्या हातात आणून ठेवलं होतं, आणि मला विनोद सुचत होता.

टिकटिक मी तेव्हाच ऐकली होती. आमच्या धंद्यात लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात, म्हणजे आतला आवाज कानात येतो. माझ्या कानावर माझा फार विश्वास. सगळं गाव माझ्या कानाची तारीफ करतं. मी ऐकलं आणि सांगितलं, टॅपेट सैल आहेत. जुळवले. आवाज जरासा कमी झाला, कारण तोवर इंजिन तापलं होतं, आणि लोखंड तापलं की फुगून भेग मिटते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. भेगेतून सुटणारा धूर अगदी टॅपेटसारखाच वाजतो हेही पहिल्या वर्षी शिकवतात. खात्री करायची तर पत्रा काढून बघायचं, बस. पण ते चार स्क्रू गंजलेले होते. तुटतील, मग ड्रिल करा, मग अर्धा दिवस वाया. घरचीच तर गाडी, पुढच्या वेळी बघू. अशा दोन पुढच्या वेळा आल्या आणि सगळे मिळून तीन वेळा मी टॅपेट जुळवले.

परक्या गिऱ्हाइकाचा पत्रा मी पहिल्याच दिवशी काढला असता. घरचं काम म्हणून मी अंगचोरपणा केला.

त्या कुजलेल्या रबराचं माप घ्यायला मी पुन्हा केबिनमध्ये शिरलो. पेन्सिल सापडेना म्हणून समोरचा कप्पा उघडला. आत तिच्या वस्तू तशाच होत्या. डोकेदुखीच्या बामच्या तीन डब्या, एक रुमाल, गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही. आणि रुमालाखाली काच खाली-वर करायचं हँडल.

मी तिच्या बाजूच्या दाराकडे पाहिलं. तिथे नुसता दांडा होता.

मग मला तेही आठवलं. दाजींनीच एकदा मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. ही बाई भर थंडीत काच पूर्ण खाली करते, टोमॅटोच्या रोपांना गार वारा लागतो, रोपं माना टाकतात. म्हणून हँडलच काढून ठेवलं. "आता बसा म्हटलं गुमान." त्यांच्या स्वतःच्या बाजूची काच सिगारेटसाठी चार बोटं उघडी असायची. ते सांगताना ती टायरांवर बसून होती. "बघ ना दादा," एवढंच म्हणाली. आणि मी म्हणालो, "बरं केलंत दाजी."

रोपं तर हँडल काढल्यावरही माना टाकत होती. उलट जास्तच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या डॉक्टरकडे गेलो. दाजींना न सांगता. सगळं सांगितलं, भेग, भोक, काच. डॉक्टर पेनाचं टोपण उघडझाप करत बसले. म्हणाले, "आता कळायला काही मार्ग नाही. झोपेत हृदय थांबलं, ते तसंही थांबू शकत होतं. पण नाजूक हृदयाच्या माणसाला असला धूर रोज मिळणं वाईटच. डोकेदुखी मात्र त्याचीच असणार."

"तुमच्याकडे आली होती ती? डोक्यासाठी?"

"आली होती. मी गोळ्या दिल्या." त्यांनी टोपण लावलं. "तिनं गाडीचं सांगितलं होतं. मला वाटलं, गाडी लागत असेल."

म्हणजे आम्ही तिघं. पण मेकॅनिक एकटा मीच होतो.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच चाललं होतं, दाजींना सांगायचं की नाही. सांगितलं तर माझी चूक उघडी पडेल, ते एक. पण माझ्या चुकीच्या मागोमाग ते हँडल त्यांच्या हातात येणार होतं. धूर आत येत होता हे कळलं की काच कुणी बंद केली हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बायको गेलेल्या माणसाच्या गळ्यात हे का घाला? असं मी स्वतःला समजवायचो आणि पटायचंही. मग लक्षात यायचं की गप्प राहण्यात पहिला फायदा माझाच आहे. दया कुठे संपते आणि भित्रेपणा कुठे सुरू होतो ते काही केल्या सापडेना. शिवाय आणखी एक. आई-वडील गेले, बहीण गेली. तिची आठवण काढायला या जगात मला दाजींशिवाय कुणी उरलं नव्हतं. ते तुटले असते तर मी कुणापाशी बोललो असतो?

हेडर घ्यायला आम्ही दोघं जाड्याच्या दुकानात गेलो. जाड्या स्पेअर पार्ट विकतो आणि आहे काडीसारखा. त्यानं तीन हेडरं काउंटरवर मांडली.

"हे लांब पाइपाचं. ताकद जास्त, आवाज भारदस्त. पण खाली लोंबतं, खड्ड्यात घासेल. हे आखूड, पातळ पट्टीचं. अर्ध्या तासात बसेल. आणि हे तिसरं, आखूडच, पण पट्टी जाड आहे, आतबाहेर सिरॅमिकचा लेप. याला मात्र वेळ लागेल. स्टीअरिंगच्या दांड्याला घासतंय की नाही ते बघत बघत बसवावं लागतं, दोनदा तरी काढघाल होईल."

"दुसरं द्या," दाजी म्हणाले. "अर्ध्या तासात बसतंय ना, झालं तर."

"नाही, तिसरं."

"दादा, अहो, परवा माल पोचवायचाय."

"पातळ पट्टी तापली की वाकते. वाकली की पॅकिंग जळतं आणि धूर गळतो. तिसरंच."

मी मापाची पोलादी पट्टी आणून तिन्ही हेडरांच्या तोंडांवर आडवी ठेवून पाहत होतो, खालून उजेड दिसतो का. दुसऱ्याच्या दोन तोंडांखाली दिसला. तिसऱ्याच्या एकाही नाही. तरी मी ते दोनदा तपासलं. जाड्या म्हणाला, "बास की रे, विमानाला बसवतोयस का?"

दाजीही वैतागले. "थोडा गळला धूर तर गळला. आता त्या केबिनमध्ये बसणार कोण आहे? मी एकटा."

मी पट्टी खिशात घातली, हेडर उचललं आणि बाहेर आलो.

बसवायला दोन दिवस लागले. तुटलेले स्टड ड्रिल करून काढले, नवे घातले. इंजिनाचं तोंड दगडानं घासून सपाट केलं. पॅकिंग दोन वेळा बदललं, पहिलं चांगलं असूनही. कुजलेल्या रबराच्या जागी नवं रबर, वरून सिलिंग. चाळीस वर्षांत इतकं नेटकं काम मी केलं नसेल. आणि हात चालत असताना सारखं वाटत होतं की हे सगळं, यातलं निम्मं जरी दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीखाली पडल्या पडल्या रडलो. तिथे कुणी बघत नाही, आणि डोळ्यांत गंज गेला असं सांगता येतं.

संध्याकाळी दाजी आले. मी चावी फिरवली. इंजिन गार होतं, टिकटिक सगळ्यांत जास्त असायची तीच वेळ. काही नाही. नुसती एकसारखी घरघर.

दाजी कान देऊन उभे राहिले. बराच वेळ. मग त्यांचं तोंड उजळलं. "गेली की हो! ऐकू येतंय का, काहीच ऐकू येत नाही." आणि मग सहज, माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे टॅपेट नव्हतेच तर."

नव्हते, होते, दोन्ही होतं, काहीही म्हणता आलं असतं. त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. मी इंजिन बंद केलं.

"दाजी, बसा."

"काय झालं?"

"बसा आधी."

ते टायरांच्या ढिगावर बसले. मी जुना मॅनिफोल्ड आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि भेगेवर बोट ठेवलं. सगळं सांगितलं. टिकटिक कसली होती, मी काय ऐकलं, चार स्क्रू, तीन वेळा टॅपेट, धूर कुठून कुठे जायचा, डॉक्टर काय म्हणाले. चूक माझी, असं तीन-चार वेळा म्हणालो. काचेचं एक अक्षर काढलं नाही. हँडल मी आधीच कप्प्यातून काढून माझ्या हत्यारांच्या पेटीत, तळाशी टाकलं होतं. तेवढं तरी त्यांच्यापासून लपवावं, एवढीच माझी धाव.

दाजी भेगेवरून अंगठा फिरवत होते. अंगठा काळा झाला.

"म्हणजे ती खरं बोलत होती," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"दोन वर्षं रोज सांगत होती."

"हो."

ते उठले. गाडीपाशी गेले, तिच्या बाजूचं दार उघडलं, कप्पा उघडला. बामच्या डब्या बाजूला केल्या, रुमाल उचलला. वहीखाली पाहिलं. मग सीटखाली हात घालून चाचपायला लागले. मला बघवेना, पण हलवेनाही. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"कुठाय ते?"

"दाजी, राहू द्या."

"दादा, हँडल कुठाय?"

मी पेटी उपसून ते काढून दिलं. त्यांनी दांड्यावर बसवायचा प्रयत्न केला. त्याला एक बारीक क्लिप लागते, ती हरवली होती. ते नुसतंच दाबत राहिले, हँडल गळून खाली पडायचं, ते उचलायचे, पुन्हा दाबायचे. मी दुसऱ्या गाडीची क्लिप काढून आणली आणि बसवून दिली. दोघांचे हात एकाच दारावर होते, पण आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दाजींनी हँडल फिरवलं. काच कुरकुरत खाली गेली, पार तळापर्यंत.

"मीच म्हणालो होतो, बसा गुमान," ते म्हणाले.

"बरं केलंत, असं मी म्हणालो होतो."

रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोसलं असतं. ते पलीकडून गाडीत बसले, माझ्याकडे चावी मागितली आणि निघून गेले. जुना मॅनिफोल्ड माझ्याकडेच राहिला. तो मी अजून भंगारात घातलेला नाही.

त्यानंतर दाजी आले नाहीत. फोन केला की उचलतात, बरं आहे म्हणतात, ठेवतात. ऑइल बदलायची वेळ येऊन गेली, ते दुसरीकडे कुठे करून घेतलं असणार. पूर्वी गाडी मोठ्या रस्त्यावरून नुसती गेली तरी टिकटिक ऐकून मला कळायचं आणि मी चहाचं आधण ठेवायचो. आता आवाज येत नाही. कितीदा जातात, कधी जातात, मला काही कळत नाही.

एकदाच दिसले. चौकात सिग्नलला त्यांची गाडी उभी होती आणि मी रस्ता ओलांडत होतो. हाडं गोठवणारी थंडी होती, सगळ्या गाड्यांच्या काचा बंद, आतून धुकट झालेल्या. दाजींनी कानटोपी घातली होती आणि ते समोर बघत होते. रोपांचे ट्रे मागे होते, ताडपत्रीखाली. शेजारच्या सीटवर काहीच ठेवलेलं नव्हतं, आणि त्या बाजूची काच पूर्ण खाली होती.